गढूळ पाण्याची निगा

जिंतूर रस्त्यावर एस.टी. बंद पडली नसती, तर सत्यशीला त्या शेतात पाणी मागायला शिरलीच नसती. शिरली, तेव्हा ताडपत्रीच्या गोल टाकीतले तपकिरी पाणी एक तरुण मोठ्या निष्ठेने नालीत सोडीत होता.

"हे काय करायलाव?"

"घाण काढायलोय. चिलापी माशाला चांगलं पाणी नको का?"

स्वच्छता हा सद्गुण आहे, याविषयी दुमत नाही; परंतु परभणीच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढविणाऱ्या सत्यशीलेला तो सद्गुण त्या क्षणी असह्य झाला. या गढूळपणातच जिवाणू एकमेकांस बिलगून पुंजके बांधतात, माशांच्या विष्ठेचे विष होऊ देत नाहीत आणि अखेर माशांचाच घास होतात, हे तिने त्याला, म्हणजे नागेशला, समजावले. त्यांना लागते काय? अखंड हवा, नित्य थोडा गूळ, आणि हात आवरणारा धनी.

"हात आवरणं अवघड हाय," तिच्याकडे पाहत तो म्हणाला... आणि घाईने पुस्ती जोडली, "म्हंजे, टाकी धुवायची सवय हाय ना."

ती दर रविवारी येऊ लागली. पाणी दाटले, तपासणीच्या काचेच्या निमुळत्या भांड्यात पुंजके सरकीच्या कापसासारखे तळाशी बसू लागले. आणि एका रविवारी पाहते तो पुंजके विरळ, अमोनिया वाढलेला, मासे पाण्यावर तोंड वासून.

"गूळ टाकायलाव ना?"

नागेश हवेच्या नळीकडे पाहत राहिला. "न्हाई... या आठवड्यात न्हाई."

"का?"

"तुमी म्हणलाव, पुंजके धरले की तुमचं इथलं येणं संपलं. म्हणून—"

"म्हणून उपाशी ठेवलाव त्यांना?" तिच्या स्वरात राग किती आणि दुसरे काय किती, हे तिला तरी कुठे ठाऊक होते? "मासे मेले असते, तर मी तुमचं तोंड पाहिलं नसतं."

दोघांनी थोडे पाणी बदलले. त्याने गुळाची बादली उचलली, तेव्हा तिने त्याचे मनगट धरले.

"एकदम नको. जिवाणू सगळी हवा पिऊन टाकतील. थोडं थोडं."

मनगट तिने लगेच सोडले नाही. उन्हे कलता कलता मासे एकेक करून सावरले आणि खाली गेले.

"आता तुमी येणार न्हाई," तो म्हणाला.

"पाणी तपासायला नाही." तिने पिशवी खांद्याला लावली. "चहाला येईन. आई घरी असतात ना?"

"असती की. काय सांगू तिला?"

"ते तुमी ठरवा... पण खरं सांगा."