दांड्याची दुसरी बाजू

हिवाळ्यात माझी शुक्रवारची संध्याकाळ फोनजवळ जाते. दुसऱ्या दिवशी क्लबच्या मुलांना स्की शिकवायला कुठल्या उतारावर न्यायचं, हे मला ठरवावं लागतं. पूर्वी यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. डिसेंबरात बर्फ पडायचा आणि मार्चपर्यंत हलायचा नाही. आता इथे जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये आम्ही रात्री झोपण्याआधी बर्फ पडताना बघतो आणि सकाळी पन्हाळीतून पाणी गळताना ऐकतो. ज्या आईवडिलांना 'या' म्हणून सांगितलं, त्यांनाच 'नका येऊ' म्हणायचं, आणि मग हवा चांगली निघाली की त्यांची बोलणी खायची. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, पण इतका दमलो नव्हतो.

त्या शुक्रवारी सोनहाल्डेच्या उतारावर चिखल होता. होहवाख्टला बर्फ होता, पण वाऱ्यामुळे उतारावर वर नेणारी लिफ्ट बंद होती. राहिलं हिंटरटाल. डोंगराच्या मागची ती अरुंद दरी उत्तरेकडे तोंड करून आहे आणि हिवाळाभर तिथे ऊन पोचत नाही. दुसरीकडे कुठेच जमलं नाही तरच आम्ही तिथे जातो. तिथला बर्फ का टिकतो, हे मी मुलांना दिव्याचा सूर्य आणि बटाट्याची पृथ्वी करून समजावून दिलेलं आहे. त्यात गूढ काही नाही.

मी वाल्बुर्गाला फोन केला. ती निवृत्त पोस्टमन बाई, आणि मुलांना शिकवण्यात माझी जोडीदार.

"उद्या हिंटरटाल," मी म्हणालो.

"दुसरं काहीच नाही?"

"गवतावरून घसरायचं असेल तर आहे."

"रद्द कर ना, आन्सगार. तिथली थंडी हाडात शिरते, आणि तुझ्या हाडांत आधीच जागा उरलेली नाही."

"या हिवाळ्यातला शेवटचा दिवस आहे. फेन्याचं काय?"

"हं," ती म्हणाली. "मग जाऊ."

फेन्या नऊ वर्षांची. तिचा हा तिसरा हिवाळा, आणि एकदाही ती लिफ्टने वरपर्यंत पोचली नव्हती. उन्हाळ्यानंतर ती शहरातल्या मोठ्या शाळेत जाणार, म्हणजे आमच्याकडचं शिकणं संपलं. आदल्या शनिवारी ती मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "सर, मला हे कधीच जमणार नाही असं तुम्हीच आईला सांगाल का? मी सांगितलं की ती रडते." मी म्हणालो होतो, "पुढच्या वेळी तू पोचशील. मी वर उभा असेन."

मुलाला दिलेला शब्द हवेवर सोडून चालत नाही.

शनिवारी सकाळी हिंटरटालला बर्फ होता. नुसता टिकलेला नव्हे, ताजा, भुसभुशीत, पोटरीपर्यंतचा. रस्त्याच्या कडेला गवत हिरवं होतं आणि दरीच्या तोंडाशी एका रेषेत बर्फ सुरू होत होता. बटाट्याने एवढं सिद्ध होत नाही. मी टोपी कानांवर ओढली आणि मुलांना गाडीतून उतरवून घेतलं.

"फेन्या, तुला पडायला उशी आणलीय बघ!" योरिन ओरडला.

"त्या उशीवर तूच झोप," वाल्बुर्गा म्हणाली. "मागच्या वेळी तू कुंपणात अडकला होतास, ते काय पाहुणचाराला गेला होतास?"

तिथली लिफ्ट जुन्या पद्धतीची आहे. फिरत्या तारेला एकेक दोरी लटकते, आणि दोरीच्या टोकाला आडवा दांडा. दोघांनी शेजारी उभं राहायचं, दांडा मागून टेकवून घ्यायचा, आणि तो तुम्हाला बर्फावरून वर ओढत नेतो. वर पोचून सोडला की तारेजवळच्या डबीतली स्प्रिंग दोरी खाडकन आत ओढते. दांडा समतोल राहावा म्हणून मुलांच्या जोड्या आम्ही उंचीप्रमाणे लावतो. फेन्याच्या उंचीची टिल्डा त्या दिवशी तापाने घरी होती, तेव्हा फेन्याला एकटीनेच यावं लागणार होतं. एकटं मूल असलं की दांडा त्याच्या बाजूला कलतो आणि दुसरी बाजू उचलली जाते. नवं मूल तिथेच आडवं होतं.

वाल्बुर्गा खाली मुलांना चढवायला थांबली, मी वर त्यांना उतरवून घ्यायला. मध्ये धुकं उतरलं. लिफ्टची खालची झोपडी दिसेना, मग तारेचे खांब दिसेनात. धुक्यातून एकेक जोडी आपोआप उगवल्यासारखी येई.

खिशातला वायरलेस खरखरला. "फेन्या दोनदा पडली," वाल्बुर्गा म्हणाली. "तिसऱ्यांदा उभी राहिलीय. निघाली. अरे, जमतंय तिला!"

मी वाट बघत राहिलो. मग ती आली.

ती दांड्याच्या डाव्या बाजूला उभी होती. उजवी बाजू रिकामी होती. आणि दांडा अगदी समतोल होता, दोन्ही पारड्यांत सारखं वजन ठेवल्यासारखा.

"सर, पोचले!" तिने दांडा सोडला. स्प्रिंगचा आवाज झाला नाही. दोरी तशीच ताणलेली राहिली, तारेच्या वरच्या टोकाच्या मोठ्या चाकाला वळसा घालून दांडा दुसऱ्या बाजूने खाली गेला आणि धुक्यात शिरला.

"शाबास! कशी आलीस?"

"बसायचं नाही, नुसतं टेकायचं. गुडघे ढिले सोडायचे. आणि भीती वाटली की शेजारी बघायचं."

"असं वाल्बुर्गाबाईंनी सांगितलं?"

"नाही. तिनं."

"कोणी?"

"इथे असते ती," फेन्या म्हणाली, आणि उतारावर निघून गेली.

स्प्रिंग गारठली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. लिफ्टच्या वाटेवर तिच्या स्कींच्या दोन रेघा उमटल्या होत्या आणि त्यांच्या उजवीकडे आणखी दोन. त्या आधीच्या जोडीच्या असतील. आधी नीट बघा, मग कारण शोधा, असं मी मुलांना नेहमी सांगतो. त्या दिवशी मी नीट बघितलं नाही.

ती पुन्हा आली, आणि पुन्हा. दर वेळी डाव्या बाजूला, दर वेळी दांडा समतोल. उतरताना तिचे दोन्ही पाय एकमेकांना चिकटलेले असत, वळणावर खांदे दरीकडे. माझ्या आईच्या पिढीतले लोक तसे उतरत. ते मी कुणाला शिकवलेलं नाही.

मी वायरलेस काढला. "फेन्याबरोबर कुणाला पाठवतेस?"

"कुणाला पाठवू? ती एकटीच उभी राहते. पण ती निघाली की मला वाटतं, चला, ही जोडी गेली. म्हातारी झाले मी. आन्सगार, आता आवरू या."

"हो. सगळ्यांना शेवटचं वर पाठव. एकदमच खाली आणतो."

मुलं येत गेली. मी त्यांना चाकाजवळ उभं केलं. फेन्या दिसेना.

"फेन्या निघाली का?"

"केव्हाच. आतापर्यंत तुझ्याजवळ असायला हवी."

धुक्यातून एक दांडा आला. दोरी ताणलेली, दांडा समतोल. त्यावर कुणी नव्हतं.

तो माझ्या कमरेजवळून गेला आणि चाकाला वळसा घालून उतरला.

पुढचाही तसाच होता.

त्याच्या पुढचाही.

"लिफ्ट बंद कर!" मी ओरडलो.

घरघर थांबली. तारेवरचे दांडे जागच्या जागी लोंबकळत राहिले. योरिनने नकळत माझ्या बाहीला हात घातला.

मी फेन्याला हाक मारली. मग खालून तिचा आवाज ऐकू आला. ती कुणाशी तरी हळू बोलत होती, मध्ये थांबत, पलीकडचं ऐकून घेत.

"नाही. मला घरी जायचंय."

शांतता.

"आई वाट बघेल."

शांतता.

"बरं. चालेल."

आणि ती धुक्यातून बाहेर आली. काठ्या काखेत, गुडघे ढिले, अंग जरा मागे रेललेलं. चढावर, लिफ्टच्या वेगाने, सरळ वर सरकत.

लिफ्ट बंद होती. तिच्या मागे दांडा नव्हता.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. गाल लाल झाले होते.

"सर," ती म्हणाली, "आईला सांगा, जमलं."

मी सगळ्यांना खाली आणलं. फेन्याचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. तिचा डावा हात. उजव्या बाजूला जायचं मला सुचलं नाही, की धैर्य झालं नाही, कोण जाणे. वाल्बुर्गाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मुलांचे पट्टे सोडायला लागली.

पुढच्या आठवड्यात मी पूर्वी शिकवायचो आणि फेन्या अजून शिकते त्या शाळेत लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला गेलो. जिन्याखाली फेन्याची आई भेटली. तिने माझे दोन्ही हात धरले.

"सर, तुम्ही काय केलंत कोण जाणे! आता ती कशालाच घाबरत नाही. अंधारात एकटी झोपते. काल पोहायला गेली तर स्वतःच उंचावरून उडी मारली." ती हसली, डोळे पुसले. "बघा, चाललीय बघा."

मधल्या सुट्टीची घंटा झाली होती. फेन्या डाव्या कठड्याला धरून जिना चढत होती. वरून अख्खा वर्ग आरडाओरडा करत, एकमेकांना ढकलत खाली सुटला. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, कुणी पाऊल आखडलं नाही. पण तिच्याजवळ येताच मुलांचा लोंढा बाजूला सरकला, आणि तिच्या उजवीकडे तिच्याएवढ्या एका मुलीपुरती जागा सोडून खाली गेला.