बोट सुटायच्या आधीचं पान

त्या गावात येऊन तिला एक रात्र झाली नाही, तोच ती स्वतःच्या चष्म्यावर बसली. कर्रकन आवाज झाला, काचांचा चुरा झाला, आणि खिडकीबाहेरचं नवंकोरं गाव एकदम पुसट होऊन गेलं. दूरचंही दिसेना, जवळचंही दिसेना.

तिचा धंदा कादंबऱ्या लिहिण्याचा. त्यात पायाला भिंगरी. दर कादंबरीला नवं गाव, भाड्याची खोली, खिडकीशी टेबल. पुस्तक संपलं की बॅग भरायची आणि निघायचं. सोडलेल्या गावात ती पुन्हा कधी गेली नव्हती. मैत्रिणींनी विचारलं तर म्हणायची, “जेवून उठलेल्या ताटावर पुन्हा कोण बसतं?” बोलायला ठसकेबाज होतं. त्यात खरं किती, हे तिचं तिलाच माहीत.

धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान आहे, असं घरमालकिणीनं सांगितलं. भिंती चाचपत, दोन माणसांना आणि एका खांबाला “माफ करा” म्हणत ती तिथं पोचली. आत कुणी म्हातारं माणूस मोठ्यानं वाचत होतं. अडखळत, पण रंगून.

“...बोट सुटायला अजून अवकाश होता. तिनं कठड्यावरून वाकून त्याच्याकडे पाहिलं. वारा शब्द पळवून नेत होता, म्हणून तिनं ओरडूनच विचारलं, येतोस...”

ती उंबऱ्यातच थबकली. ही वाक्यं तिची होती! तिच्या पहिल्या कादंबरीतली.

“मग? आला का तो?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“ते काही मला ठाऊक नाही, काका. पान तिथंच संपतं,” एक तरुण आवाज म्हणाला. “तुमचा नंबर मात्र बरोबर आला.”

गल्ल्यामागून कुणी बाई हसल्या. “घाबरू नका हो, या आत. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं अख्ख्या गावाला पाठ झालीत, म्हणून हा माझा भाचा पुस्तकातली पानं वाचायला देतो. पुस्तकं मी वाचते, पानं हा फाडतो. मी याची आत्या.”

पानं फाडतो! तिला खरं तर राग यायला हवा होता. पण लेखक म्हणजे कसे असतात, कुणीतरी आपलं वाचतंय म्हटल्यावर फाडलेलंही गोड लागतं.

चष्मेवाल्यानं तिला खुर्चीत बसवलं. नाकावर चाचणीची जड चौकट ठेवली, तिच्या दांड्या जपून कानामागे सरकवल्या. त्याची बोटं गार होती. चेहरा तिला दिसत नव्हता, दिसत होता तो नुसता एक गव्हाळ ढग. आणि त्या ढगातून येणारा तो आवाज... घाई नसलेला.

“वाचा बरं,” म्हणत त्यानं तेच पान तिच्या हातात दिलं.

खरं सांगायचं तर तिला त्यावर मुंग्या चालल्यासारखं दिसत होतं. पण तोंड उघडलं आणि वाक्य आपोआप बाहेर आलं. मग दुसरं. त्यानं भिंग बदललं.

“आता? स्पष्ट की पुसट?”

“स्पष्ट.”

“आणि हे लावल्यावर?”

“हेही... छानच आहे.”

“कमाल आहे,” तो म्हणाला. “इतकं सुंदर कुणी वाचलं नव्हतं आजवर.”

झालं. एवढं ऐकल्यावर ही बाई कसली खरं सांगतेय! तिनं शेवटपर्यंत सगळं धडाधड म्हणून दाखवलं, आणि तो बिचारा भिंगामागून भिंग हलकं करत गेला.

संध्याकाळी चष्मा मिळाला. तो घालून ती बाहेर पडली, तर रस्ता कधी वर यायचा, कधी खाली जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत दुकानात हजर.

“माझ्या हातचा चष्मा कधी परत आला नव्हता,” तो म्हणाला. आवाज इतका पडलेला होता, की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुमची चूक नाही. मला ते पान पाठ आहे.”

“एवढं आवडतं?”

“आवडतं म्हणजे... मीच लिहिलंय ते.”

आत्यांच्या हातातली किल्ली गल्ल्याच्या कुलपातच राहिली.

“म्हणजे पुढचं तुम्हाला ठाऊक असणार,” तो हळूच म्हणाला. “नको, सांगू नका. पुस्तक आत्याकडे आहे, पण मी वाचलं नाही. सहा वर्षं मी ती बोट धक्क्याला लावून ठेवलीय.”

“आणि मला शपथ घातलीय गप्प बसायची,” आत्या म्हणाल्या. “माझं पोट दुखतंय तेव्हापासून.”

या खेपेला त्यानं तिला भलत्याच पुस्तकातलं पान दिलं. ती प्रामाणिकपणे अडखळली, चुकली, दोनदा हरली, आणि नंबर बरोबर निघाला. दोन दिवसांनी नवा चष्मा नाकावर चढला, तेव्हा तिनं पहिल्यांदा पाहिला तो समोरचा चेहरा. कान जरा मोठे. एका भुवईत जुना व्रण. आणि डोळे... त्या डोळ्यांत तीच दिसत होती, चष्म्यासकट.

“दिसतंय का नीट?” त्यानं विचारलं.

“जरा जास्तच,” ती म्हणाली, आणि उगाचच दांडी नीट करू लागली.

मग दुपारचं तिचं लिहिणं झालं, की पाय आपसूक त्या रस्त्याला लागायचे. कधी दांडी सैल व्हायची, कधी काच पुसायचं कापड हरवायचं. आत्या म्हणायच्या, “चष्मा भारी नाजूक निघाला हो,” आणि चहाचा तिसरा कप ओतायच्या.

“तुम्ही कुठंच गेला नाहीत?” तिनं एकदा विचारलं.

“कुठं जाणार? पण वाचायला दिलेलं प्रत्येक पान माझं स्वतःचं वाचून झालेलं असतं. वाळवंटात एक पान राहिलोय. बर्फात एक पान. तुमच्या धक्क्यावर तर घरच केलंय.” तो काच उजेडात धरून पुसत होता. “तुमचं बरं आहे. तुम्ही सगळीकडे पुस्तकभर राहता.”

“राहते कुठे? बघते, लिहिते आणि निघते. राहिलं की माणसं आपली होतात. मग त्यांच्याबद्दल लिहिताना हात जड होतो.”

“माझ्याबद्दल लिहिताना होतो का जड?”

“तुमच्याबद्दल कोण लिहितंय?” ती म्हणाली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या, आणि त्या बघायला त्याला भिंगाची गरज नव्हती.

खरी पंचाईत पुढेच होती. कादंबरी शेवटच्या प्रकरणाला येऊन अडली. आजवर तिच्या प्रत्येक नायिकेनं शेवटी गाव सोडलं होतं, हिनंही सोडायचं होतं. पण कागदावर ती बाई जागची हलेना. चिडून तिनं ठरवलं, ही जात नाही तर आपण जाऊ. पुढच्या गावी खोली ठरवली, शुक्रवारच्या बोटीचं तिकीट काढलं, आणि दुकानात सांगायला गेली.

तो स्क्रू पिळत होता, पिळतच राहिला.

“मी काल पुस्तक वाचलं,” तो म्हणाला. “पूर्ण. तो ‘नाही’ म्हणतो आणि ती जाते.”

“हो.”

“पुन्हा येत नाही?”

“मला परत येणाऱ्या बाईबद्दल लिहिता येत नाही,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता तितका खंबीर निघाला नाही.

शुक्रवारी धुकं होतं. ती बोटीवर चढली, कठड्याशी उभी राहिली, आणि बघते तर धक्क्यावर तो. हातात काही नाही. नुसता उभा.

“येतोस?” असं ती विचारणार होती. ओठांवर आलंही होतं. पण गल्ल्यामागच्या त्या आत्या, ते दुकान... या माणसाला इथून उपटून नेणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं.

“सहा वर्षं माझ्या मनात तो वेगळंच काहीतरी म्हणायचा,” तो खालून म्हणाला. “‘येतो’ नाही, ‘थांब’ नाही.”

“मग काय म्हणायचा?”

“जा. आणि परत ये.”

भोंगा वाजला. तो ओरडला, “नव्या चष्म्याचा नंबर पुन्हा तपासावा लागतो... ते जाऊ दे! निमित्त आहे ते. मला तू हवी आहेस. चष्म्याशिवायसुद्धा!”

धक्क्यावरचे हमाल हसले. धुक्यात तो पुसट झाला, आणि तिनं चष्मा पुसून पाहिला. दोष काचेचा नव्हता. तिचे डोळे भरले होते.

नव्या गावात सगळं जागच्या जागी होतं. खोली, टेबल, खिडकी. ती लिहायला बसायची आणि उठायची. रस्त्यात चष्म्याचं दुकान दिसलं की पलीकडून चालायची. महिनाभर तिनं हट्ट धरला. एका सकाळी मात्र उठली, बॅग भरली, आणि जन्मात पहिल्यांदा आल्या वाटेनं उलट निघाली.

दुकानात तो एकटाच होता. तिला बघून त्याच्या हातातली काच खाली पडली. फुटली.

“आता काय मोडलं?” त्यानं विचारलं.

“माझा नियम,” ती म्हणाली. “शेवटचं प्रकरण होत नव्हतं. परत येणारी बाई कशी दिसते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.”

“मग? कशी दिसते?”

“ते तू सांगायचं. नजरेचं काम तुझं.”

तो पुढे आला. तिच्या नाकावरून घसरलेला चष्मा त्यानं बोटानं वर केला, आणि बोट तिथंच गालाशी राहू दिलं.

“घाबरलेली,” तो म्हणाला. “दमलेली. आणि माझी.”

“बरोबर आहे नंबर,” ती म्हणाली.

आतल्या दारातून आत्या आल्या, दोघांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं बाहेर जाऊन दुकानाची पाटी ‘बंद’कडे फिरवून आल्या.

ते पान अजून त्या दुकानात आहे. वाचता वाचता तिथं पोचलेलं गिऱ्हाईक अजूनही विचारतं, “मग? पुढं काय झालं?”

आणि चष्मेवाला खिडकीशी लिहीत बसलेल्या बायकोकडे बोट दाखवतो.