पितोगोच्या किनाऱ्यावरची हाक

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे लुडीनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि लुडी काही रचून सांगणारी बाई नाही. सांगताना तिची सासू अंपारो तिथेच बसून तांदूळ निवडत होती. ती एकदाही "असं नव्हतं" म्हणाली नाही. मधेच उठून आत गेली, एवढंच.

आम्ही गुमाकात, समुद्रकाठच्या गावात, एकाच गल्लीत राहतो. गोष्ट गेल्या मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारची.

रात्र नव्हती. लख्ख दुपार होती.

लुडीचा नवरा सांतो जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. गुमाकाच्या समुद्रात मासे धरायला गेला, आणि नुसती होडी परत आली.

देह मिळालाच नाही.

लुडी रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. गणवेश शिवायची, भात टाकायची, आठ वर्षांच्या नेनिताची वेणी घालायची. सगळं वेळच्या वेळी. पण सुई बोटात घुसली, तरी कापडावर रक्त दिसल्यावरच तिला कळायचं.

त्या रविवारी सकाळीच वीज गेली. शिलाई मशीन बंद. पत्र्याखाली नुसती भट्टी.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ नेस्तर आपली प्रवासी जीप घेऊन दारात हजर.

"ताई, ऊठ. समुद्रावर जाऊ."

"वेड लागलंय का तुला?"

"लागलंय. उकाड्यानं. पितोगोला जाऊ, डोंगरापलीकडे." मग हळूच म्हणाला, "तो समुद्र वेगळा आहे, ताई."

आतून अंपारो ओरडली, "अरे मेल्या, काल सांगितलं असतंस तर कोंबडी तरी शिजवली असती!"

"नानाय, तुम्ही कोंबडी पकडेपर्यंत भरती येऊन ओहोटीसुद्धा लागेल." नेस्तरही तिला नानाय, म्हणजे आई, म्हणतो.

अंपारो हसली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच.

पंधरा मिनिटांत केळीच्या पानात भात, तळलेले सुके मासे, कच्चे आंबे आणि खारवलेल्या जवळ्याची चटणी बांधून सगळे जीपमध्ये. लुडीनं नको म्हटलं नाही. हो सुद्धा म्हटलं नाही. बसली.

पितोगोला त्यांनी बांबूची एक खोपी भाड्यानं घेतली. शेजारच्या खोपीत कुणाचा तरी वाढदिवस होता. एक जाडा माणूस माइक घेऊन बेसूर गात होता.

"म्हैस बरी," नेस्तर म्हणाला. नेनिता खो-खो हसली.

जेवणं झाली. नेस्तर तोंडावर टोपी टाकून घोरायला लागला. अंपारो चटईवर कलंडली. नेनिता दहा पावलांवर प्लास्टिकच्या डब्यात वाळू भरत होती.

लुडी खांबाला टेकून बसली होती. समोर पाणी. डोक्यात काहीच नाही.

साधारण दोन वाजले असतील...

गाणं थांबलं.

बरं झालं, असं वाटून लुडीनं तिकडे पाहिलं.

जाडा माणूस अजून गातच होता. माइक तोंडाशी. ओठ हलत होते. बायका टाळ्या वाजवत होत्या...

आवाज नव्हता.

तिनं समुद्राकडे पाहिलं. लाट उठली. फुटली. फेस वाळूवर पसरला.

आवाज नव्हता.

नेस्तरचं घोरणंही नाही. माडांची सळसळही नाही. कान कुणी मेणानं बुजवावेत तसं.

आणि मग...

टक्.

टक्... टक्...

वल्हं होडीच्या कडेवर आपटावं तसं. मासे जाळ्याकडे हाकलायला कोळी तसे ठोके देतात. सांतो दोन जवळजवळ द्यायचा, एक थांबून.

टक् टक्... टक्.

समुद्रावर एकही होडी नव्हती.

"पुसित..."

पुसित म्हणजे माकूल, शाईची पिचकारी मारणारा समुद्रातला जीव. तान्ही असताना नेनितानं बापाच्या शर्टावर धार सोडली होती, तेव्हापासून तो तिला त्याच नावानं हाक मारायचा. फक्त तोच.

"पुसित... ये..."

नेनितानं डबा खाली ठेवला. उभी राहिली. आणि पाण्याकडे चालू लागली.

घोट्यापर्यंत पाणी.

गुडघ्यापर्यंत.

तिचा उजवा हात वर उचललेला होता. कुणीतरी धरल्यासारखा.

लुडी सगळं बघत होती. तिच्या पायांत बळ होतं. गळ्यात आवाज होता.

ती उठली नाही.

कारण चौदा महिन्यांनी तिच्या छातीत काहीतरी हललं होतं. आपण ओरडलो तर हा आवाज तुटेल, असं तिला वाटलं. अजून एकदा. फक्त अजून एकदा ऐकू दे...

पोर कमरेपर्यंत पाण्यात गेली.

तेवढ्यात लुडीच्या बाजूनं काहीतरी झपकन गेलं.

अंपारो. चटईवरून उठायला जिला दोन माणसं लागतात, ती अंपारो घागऱ्यासकट पाण्यात घुसली होती. त्या मुक्या दुपारी फक्त तिचा आवाज ऐकू आला.

"सांतो! सोड तिला!"

टक्.

"मी जन्म दिलाय तुला! ऐक माझं! न्यायचंच असेल तर मला ने. पोरीला हात लावायचा नाही!"

टक्...

मग काहीच नाही.

तिनं पोरीच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दोघी धाडकन पाण्यात बसल्या, आणि त्याच क्षणी जाड्याचं गाणं, टाळ्या, लाटा, सगळं एकदम कानांवर आदळलं.

नेस्तर दचकून उठला. "काय झालं? कोण बुडालं?"



नेनिताला टॉवेलात गुंडाळलं. उन्हानं अंग गरम होतं. फक्त उजवा हात कोपरापर्यंत बर्फासारखा गार होता. गावाकडचा घाट चढेपर्यंत तो तसाच होता.

जीपमध्ये ती लुडीच्या मांडीवर होती. मग म्हणाली,

"आई, पप्पांनी विचारलं."

"काय?"

"म्हणाले, तुझी आई ऐकतेय. मग ती का येत नाही?"

अंपारो शेजारीच बसली होती. तिनं लुडीकडे पाहिलंही नाही. नेनिताला उचलून तिनं स्वतःच्या मांडीवर घेतलं.

वर्ष झालं. नेनिताला आता यातलं काही आठवत नाही. नेस्तर म्हणतो, ऊन लागलं होतं सगळ्यांना. असेलही.

पण अंपारो आता पोरीला शाळेत स्वतः सोडते, स्वतः आणते. बाजारात सोबत नेते. रात्री चटईवर लुडी आणि नेनिता यांच्या मध्ये झोपते.

"पोरीला ती माझ्यापाशी एकटी सोडत नाही," लुडी मला म्हणाली. आवाज सपाट. डोळे कोरडे.

"तुला राग नाही येत?" मी विचारलं.

तिनं नाही अशी मान हलवली.

"बरोबर करते ती. परत हाक आली तर... मी उठेन की नाही, मलाच ठाऊक नाही."