साठावे मिनिट

चित्रपट एकोणसाठ मिनिटांचा होता. भोसरीच्या सभागृहात तो साठ मिनिटे चालला.

दादासाहेबांनी तो स्वतःवरच काढला होता: कुरुळीच्या शेतकऱ्याचा मुलगा ते कारखानदार. जुन्या मूकपटांच्या धर्तीवर कृष्णधवल, बिनआवाजी, मधूनमधून पाट्या; पडद्यापाशी कारखान्यातल्या फिटर इम्तियाजची ढोलकी. चाळिसाव्या मिनिटाला पाटी आली, ‘कामगार हेच माझे हात’. तिच्या मागोमाग ते जादा मिनिट आले.

कारखान्यातली पॉवर प्रेस, पत्रा ठोकून घडवणारे यंत्र. तिला दोन बटणे. दोन्ही हात बटणांवर असतील तरच ती खाली येते. एक पाठमोरा माणूस उजवे बटण चिकटपट्टीने दाबून टाकतो; एक हात मोकळा, काम भरभर. दृश्य तुटते. कामगार नवनाथ येतो, डाव्या हाताने बटण दाबत, उजव्याने पत्रा सरकवत काम करू लागतो. सहाव्या ठोक्याला उजवा हात आतच राहतो.

ढोलकीवर सहा थापा पडल्या. मग सभागृहात किंकाळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासाहेबांनी तनुजाला कचेरीत बोलावले. ती भौतिकशास्त्र शिकवत असे आणि आदल्या दिवशी प्रेक्षकांत होती. संकलक ओंकार मान खाली घालून उभा होता.

“मॅडम, ते मिनिट ह्यानंच जोडलंय. तसं लेखी द्या, तुमच्यासारख्या शिकलेल्यांचं पोलीस मानतील. संध्याकाळी ह्याला पोलिसांत देतो.”

“आईशप्पथ, मी न्हाई—”

“गप ए!”

“पेनड्राइव्ह कुठं होता?” तनुजाने विचारले.

“दुपारपासून पडद्यापाशी, टेबलावर,” ओंकार म्हणाला. “सगळे तिथूनच ये-जा करत होते. अन् फिल्मची कॉपी दहा जणांकडं हाय.”

तनुजाने चित्रपट दोनदा पाहिला. त्यावरचे ओरखडे खोटे होते, संगणकाने टाकलेले. केसासारखी एक रेघ दर सात सेकंदांनी परत येई. जादा मिनिटात ती एकदाही आली नाही. ओंकारने ओरखडेही टाकले असते. पण हा पुरावा नव्हे, नुसती शंका.

“कालच्या खेळाचा व्हिडिओ कुणाच्या मोबाइलमध्ये आहे?”

ओंकारच्या होता; त्यात पडदाही होता, ढोलकीही. तो पाहून तिने इम्तियाजला बोलावले.

“ते मिनिट तुम्हाला आधी ठाऊक होतं?”

“मला? मी सगळ्यांसारखाच बघत होतो.”

“बघून वाजवणाऱ्याची थाप किंचित मागे पडते. नवनाथ एका लयीत काम करत नव्हता, तरी तुमची प्रत्येक थाप प्रेसबरोबरच पडली. सहावीसुद्धा. लोक त्यानंतर ओरडले. ही तालीम आहे, इम्तियाजभाई.”

इम्तियाजने हात गुडघ्यांवर ठेवले. “हो. मीच जोडलं. मोबाइलवर पोरंसुद्धा जोडतात.”

“इम्त्या! वीस वर्षं माझं मीठ खाल्लंस!”

“पट्टी नवनाथनंच लावली, असं लिहून माझी सही घेतलीत. कारखान्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण ज्या पेटीत साठतं, ती फोडायला मलाच सांगितलंत. नाही फोडली, शेठ. कालची ढोलकीही त्याचीच. एका हातानं वाजत नाही म्हणून मला दिली.”

“पाठमोरा माणूस कुनीबी असंल! आमीच कशावरनं?”

“जाताना तो वळतो. तेवढंच मी कापलं होतं.” इम्तियाजने खिशातून दुसरा पेनड्राइव्ह काढला. “मी बोललो असतो तर पुन्हा सहीच घेतली असतीत. तुमची इज्जत गेली की चौकशी तुम्हीच लावणार, बाहेरच्या माणसाचं लेखी तुम्हीच मागणार. मला तेवढंच पाहिजे होतं.”

तनुजाने तो तुकडा संगणकावर लावला. दादासाहेबांनी पडद्याकडे पाहिले नाही.

मग तिने कागद ओढला. दोन प्रती लिहिल्या; दुसरी नवनाथसाठी.

‘जादा मिनिट इम्तियाज यांनी जोडले. ओंकारचा संबंध नाही. अपघाताचे कारण: प्रेसचे उजवे बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेले होते. ते नवनाथने नव्हे, दादासाहेबांनी दाबून ठेवले.’