गाळ घालण्याआधीचं पाणी

प्रयोगशाळेत आकडा पाहून भारती चरकली. पाथर्डीकडच्या पाझर तलावातला गाळ तिने तलावाच्याच पाण्यात घुसळला, निवळू दिला आणि वरचं पाणी तपासलं, तर ते खारट निघालं. असला गाळ काठावर टाकला तर पावसात सगळा खार खालच्या विहिरीत उतरणार. साहेबांनी गाळ काढण्याचं काम थांबवण्याचा हुकूम लिहायलाही घेतला. भारतीने मात्र तलावावरून आणलेल्या बाटलीत उरलेलं, गाळ न घातलेलं पाणीही तपासलं. तो आकडा तिने स्वतःपाशीच ठेवला आणि तडक तलाव गाठला.

गाळाची पाटी खाली टाकून साळूबाई पुढे आली.

"बाई, काम थांबलं तर आमची हीर भरायची न्हाई. पुन्ना टँकरमागंच पळायचं का?"

भारतीला तिच्या डोळ्यांत बघवेना.

नमुन्यांच्या पेटीला कुलूप नव्हतं. पेटीजवळ जाऊ शकणारे दोघंच, ती भरायला मदत करणारा गोरक्षनाथ आणि ती जीपमधून प्रयोगशाळेत पोचवणारे आबासाहेब. भारतीला दोघांचाही संशय येत होता. गोरक्षनाथाचे काकडीचे वेल तलावाच्या उघड्या पडलेल्या तळातच होते.

"काम बंद पडलं तर तुमचे वेल वाचतात ना?"

"वाचत्यात की. म्हून मी पेटी उघडली व्हय? गाळ मीच काढून दिला. त्यो पान्यात घुसळून कसा तपासत्यात, त्ये तुमीच त्या दिशी हितं समद्यांना दावलं."

"सगळ्यांना?"

"आबासाहेब सोडून. त्ये जीप घिऊन मागनं आले."

टँकरवाले आबासाहेब भलतेच गोड बोलत होते.

"पेटी माझ्या जीपमधीच हुती ताई. पन हात लावला न्हाई."

भारतीने तलावाचं ताजं पाणी तपासलं, मग टँकरचं. तोवर माणसं जमली होती.

"गाळ निर्दोष आहे," ती म्हणाली. "बाटलीतलं पाणी गाळ घालण्याआधीही तेवढंच खारट होतं. तलावाचं पाणी तर गोडं आहे. म्हणजे बाटली कुणीतरी बदलली. गोरक्षनाथांना माहीत होतं की तपासायचा तो गाळ. त्यांनी गाळातच मीठ कालवलं असतं. तपासायचं ते पाणी, तेव्हा बाटलीच बदलायची, असं ज्याने घुसळणं पाहिलं नाही त्यालाच वाटणार. आणि आबासाहेब, बाटलीतला खार तुमच्या टँकरच्या पाण्याशी तंतोतंत जुळतो."

आबासाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हंजी ज्या पान्यापायी तलावाचं काम थांबनार हुतं," साळूबाई सावकाश म्हणाली, "त्येच आमच्या लेकरांना पाजत हुता तुमी? खारट हाय म्हनलं की आमच्याच तोंडाला चव न्हाई म्हनायचा."

तिने पाटी उचलली आणि ती पुन्हा तलावात उतरली.