पाइनला पाणी कोण घालतं?

"सरक, सरक! टाकीमागे हो! तुझे पाय बाहेर दिसतायत, लंबू!"

"पायच आहेत माझे, घडी घालून खिशात ठेवू काय?"

खारूने दोघांनाही डोळ्यांनीच दटावलं. सुट्टी लागली होती, तरी भल्या सकाळी तिघं गच्चीवर दडून बसली होती: खारू, तिचा चुलतभाऊ लंबू आणि शेजारचा जाड चष्म्याचा बॅटरी. समोर कुंडीत पाइनचं रोप होतं. त्याची सुयांसारखी पानं पिवळी पडत चालली होती.

खारूचे बाबा दूर डोंगरावर वणवे विझवायच्या कामावर असत. तिथली ही झाडं भारी चिवट! त्यांची फळं डिंकाने घट्ट बंद असतात आणि आगीची धग लागली तरच उघडतात. बाबांनी असंच एक फळ आणून ओव्हनमध्ये तापवलं, आणि खारूने त्यातलं बी पेरलं. रोप वीतभर झाल्यावर "माती पार सुकल्याशिवाय थेंबही घालायचा नाही हं," एवढं बजावून ते पुन्हा कामावर गेले होते.

तेव्हापासून खारू रोज त्या सुयांना नाक लावायची. बाबांच्या शर्टाला अस्साच वास यायचा! रोप मेलं तर घरात तो वासही उरणार नव्हता. आणि गंमत बघा, तिने पाणी न घालताही कुंडी रोज ओलीचिंब!

"हा घातपात आहे!" बॅटरी कुजबुजला.

तेवढ्यात जिना वाजला. आजोबा! हातात पाण्याचा पेला.

"पी रे, पी. तिकडे माझा लेक धुरात असेल," असं पुटपुटत त्यांनी पेला रिकामा केला. ते जातात न जातात तोच लंबूची आई, म्हणजे काकू, तांदळाचं धुवण घेऊन हजर. "भाऊजींचं झाड, सुकायला नको गं बाई!"

सगळ्यांत शेवटी आई आली. वाकून तिने सुयांना नाक लावलं, थोडा वेळ तशीच राहिली आणि मगभर पाणी ओतून गेली.

बाबांची आठवण आपल्यालाच तेवढी येते, असं खारू आजवर धरून चालली होती.

"चला, जाऊन सांगू त्यांना!" लंबू उठलाच.

"सांगून काय उपयोग? मान डोलावतील आणि उद्या पुन्हा पेला घेऊन येतील," खारू म्हणाली. "त्यापेक्षा पाणी घालायला दुसरं काहीतरी देऊ!"

दुपारी तिघांनी पाइन पाणी न साचणाऱ्या भरड वाळू-खडीत लावला आणि टाकीच्या पलीकडे उन्हात लपवला. त्याच्या जागी पुदिन्याची कुंडी ठेवून वर पाटी लावली: 'बाबांची आठवण आली, की इथे पाणी घाला. पाइन बुडतोय!'

दुसऱ्या दिवशी पाटीपुढे तिन्ही मोठी माणसं एकमेकांकडे चोरासारखी बघत उभी राहिली.

"म्हणजे तुम्हीसुद्धा?" काकूने विचारलं.

"शाब्बास रे पोरांनो!" आजोबांनी स्वतःचेच कान पकडले. "आम्ही मायेने मारतच होतो की त्याला!" काकू खो खो हसली. आईने मात्र खारूला जवळ ओढून घेतलं.

सुट्टी सरता सरता पाइनला हिरवागार कोंब फुटला. त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"जगलं, बाबा! कोरडं ठाक ठेवलंय!"

"वा रे माझी खारू! त्याला असं तहानलेलं राहता येतं."

"त्याला येतं," खारू म्हणाली. "मला नाही येत."

पलीकडून बाबा म्हणाले, "डोंगर निवला की मिळेल त्या गाडीने निघतो, बाळा."