हनुवटीला टेकणारी गिटार

धुळ्याच्या सुतार गल्लीत त्या दुपारी वारा सुटला नसता, तर अभयकुमार प्रमिलेच्या दारावरून सरळ निघून गेला असता, आणि तिच्या वाट्याचं दुःख कदाचित थोडं कमी झालं असतं. १९४६ सालचा पौष होता. तो जळगावहून इथल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला भेटायला आला होता आणि 'असलं काही आपल्याकडे होत नाही' हे ऐकून परत निघाला होता. हातातला कागद घडी घालता घालता उडाला, भटू मिस्तरींच्या उघड्या दारातून आत शिरला आणि शेगडीवरच्या सरसाच्या भांड्यात पडला.

प्रमिला, मिस्तरींची मुलगी, एका पेटीच्या भात्याला कातडं चिकटवत बसली होती. तिनं चिमट्यानं कागद उचलला. त्यावर एक विचित्र वाद्य काढलेलं होतं... लांब मान, सहा खुंट्या, आणि पोटाच्या जागी नुसती जाड फळी. फळीचा एक कोपरा शिंगासारखा वर गेलेला.

दारात पांढऱ्या सदऱ्यातला तरुण उभा होता. खांद्यावर कापसाचे दोन-चार तंतू तसेच चिकटलेले.

"मिस्तरी आहेत का?"

"कोणते हवेत? म्हातारे पारोळ्याला गेलेत. दुसरे तुमच्यासमोर उभे आहेत."

तो हसला, पण जरासा उशिरा.

"मग मिस्तरी, माझा कागद तुम्ही पाकात बुडवलात."

"सरस आहे तो. चाखून बघू नका, तोंड उघडायचं नाही."

तो आत येऊन बसला. जळगावात त्याच्या थोरल्या भावाची, मोहनलालची, कापसाची जिनिंग होती. मुंबईत शिकायला असताना एका गोव्याच्या वादकाकडे तो गिटार शिकला होता. आता त्याला स्वतःच्या मापाची, विजेवर वाजणारी गिटार करून हवी होती.

"आणि हिला पोट नाही, मग नाद कुठून येणार?" प्रमिलेनं विचारलं.

"तारांखाली लोहचुंबक. चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळायची, तिथून वायर रेडिओला जोडायची. नाद रेडिओतून येतो."

"हे शिंग कशाला?"

"ते माझ्या हनुवटीला टेकलं पाहिजे."

"का?"

"हौस," तो म्हणाला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

अठराव्या वर्षी कुंकू पुसून प्रमिला माहेरी आली होती. त्याला चार वर्षं झाली. इतक्या दिवसांत तिच्याकडे असं टक लावून कुणी पाहिलं नव्हतं. लोक तिच्याशी बोलताना रंध्याकडे बघत, भिंतीकडे बघत. हा मात्र ती काही बोलली की नजर हलवत नसे. माप घेताना तिनं दोऱ्याचं एक टोक त्याच्या मांडीवर धरलं, दुसरं हनुवटीखाली नेलं... आणि मध्येच दोरा सोडून दिला.

"माप चुकलं," ती म्हणाली.

"मग पुन्हा घ्या. मला घाई नाही."

पारोळ्याहून आल्यावर भटू मिस्तरींनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "पोरी, हाई वाद्य शे का मोटारनं यंत्र?" पण त्यांचे हात आता कापायचे. बारीक कामं प्रमिलाच करायची. त्यांनी मान हलवली आणि जुन्या सागाची एक फळी काढून दिली.

दर आठ-दहा दिवसांनी अभयकुमार येऊ लागला. कधी जिनिंगमधल्या मोडक्या इंजिनातलं नालाच्या आकाराचं लोहचुंबक घेऊन, कधी केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं रीळ घेऊन. प्रमिलेनं ती तार वडिलांच्या, आबांच्या, चरख्यावर गुंडाळायला घेतली. पाच हजार वेढे. मध्येच तार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. तो समोर बसून तिच्याकडे बघायचा.

"इतकं काय बघता?"

"तुम्ही बोलता तेव्हा फार छान दिसता."

"आणि गप्प असते तेव्हा?"

"तेव्हा काळजी वाटते... पुढं काय बोलाल त्याची."

माघ संपत आला तेव्हाची गोष्ट. ती भिंतीकडे तोंड करून शिसवाची पट्टी घासत होती. तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, तिला बोलावंसं वाटलं. नवरा कसा होता, तो गेल्यावर सासरच्यांनी तिला बैलगाडीत कसं बसवून दिलं, कुणाला कधी न सांगितलेलं ते सगळं ती घासता घासता सांगत गेली. शेवटी म्हणाली, "तुम्ही येता त्या दिवशी हे आठवत नाही." मागून उत्तर आलं नाही. तिनं वळून पाहिलं, तर तो खुंट्या हातात घेऊन निवांत बसला होता.

"तुम्ही ऐकलं नाही?"

त्याचा चेहरा उतरला. "पाठीमागून मला ऐकू येत नाही, प्रमिलाबाई. समोरूनही आता थोडंच येतं. मी तुमचे ओठ वाचतो."

विषमज्वरानं दोन वर्षांपूर्वी त्याच्या कानांची नस धरली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षा-दोन वर्षांत सगळं जाईल. सतार वाजवून पाहिली, कानाला लागली नाही. विजेचा मोठा आवाज आणि जबड्याच्या हाडाला टेकलेलं लाकूड, एवढी एकच वाट त्याला दिसत होती.

प्रमिलेच्या हातातली पट्टी खाली आली. म्हणजे ते बघणं तिच्यासाठी नव्हतंच.

"म्हणजे तुम्ही ऐकण्यासाठी बघत होता."

"सुरुवातीला."

"आणि आता?"

"आता तुमचं बोलून झालं तरी बघत राहतो. तुमच्या लक्षात आलं नाही?"

ती रडली, आणि रडता रडता हसली. निघताना तो दारात थांबला. "घरी माझ्या लग्नाचं चाललंय. दादा म्हणतात, कान आहेत तोवर उरकून घेऊ, मुलीकडच्यांना कळणार नाही. मला तसं करायचं नाही. ही गिटार वाजली आणि मला ऐकू आली, तर मी त्याच दिवशी तुमच्या आबांशी बोलेन. तेवढं एक शिल्लक राहिलं, तरी मी कुणालातरी मागायच्या लायकीचा आहे असं वाटेल."

"आणि नाही आली तर?"

त्यानं ऐकलं नसावं. किंवा त्या वेळी त्याचं तिच्या ओठांकडे लक्ष नसावं.

त्यानंतर प्रमिला एखाद्या माणसाचा जीव वाचवावा तशी त्या गिटारीला लागली. झालेली गुंडाळी सोडून सात हजार वेढे घातले. दुसरं चुंबक बसवलं. शिंगाचा कोपरा काचेनं खरवडून असा मऊ केला की तिनं स्वतःची हनुवटी टेकली तर थंड पाण्यासारखा लागला. फाल्गुनात तो आला तेव्हा प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं. चैत्रात आला तेव्हा नुसत्या ओठांवरून सगळं उमगेना, ओरडून सांगावं लागलं. गल्लीतल्या बाया खिडकीत यायच्या. प्रमिलेला जे हळू सांगायचं होतं ते सांगायची सोयच राहिली नाही.

वैशाखात गिटार तयार झाली.

गल्लीच्या तोंडाशी रुपचंदचं चहाचं हॉटेल होतं. तिथं वीज होती आणि मोठा रेडिओ होता. रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोनची पिन घालायला दोन भोकं होती, त्यात प्रमिलेनं गिटारीची वायर खोचली. चहा प्यायला आलेली आठ-दहा माणसं भोवती जमली. भटू मिस्तरी बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसले. रुपचंदनं बटण फिरवलं.

अभयकुमारनं गिटार मांडीवर घेतली, हनुवटी शिंगावर टेकली आणि डोळे मिटून तारांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग एक पूर्ण ओळ वाजवली. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. डोळे उघडून त्यानं प्रमिलेकडे पाहिलं.

"येतंय," तो म्हणाला. "स्वच्छ येतंय. फार गोड केलीत तुम्ही."

हॉटेलात आवाज नव्हता. जुना रेडिओ तापायला वेळ घ्यायचा. आतले दिवे अजून पुरते लाल झाले नव्हते आणि तारांच्या बारीक किणकिणीपलीकडे कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

प्रमिलेला कळलं, त्याला काही ऐकू आलेलं नाही, तो खोटं बोलतोय. तिला हेही कळलं की आपण गप्प राहिलो तर तो आता आबांकडे वळेल. ती गप्प राहिली. तो खरंच वळला. गिटारीवरची बोटं तशीच चालू ठेवून म्हणाला, "मिस्तरी, मला तुमच्याशी—"

तेवढ्यात रेडिओ जागा झाला. भिंती हादरतील एवढा नाद फुटला, कपबशा खणखणल्या, दोन माणसं दचकून उभी राहिली, रुपचंदनं कानांवर हात ठेवले. अभयकुमार मात्र त्याच लयीत वाजवत होता, पापणीही न हलवता. मग त्यानं माणसांचे चेहरे पाहिले. ते आत्ता बदलले होते. म्हणजे आवाज आत्ता सुरू झाला होता.

त्याची बोटं थांबली. कुणीतरी हसलं. त्यानं वायर उपसली, गिटार चादरीत गुंडाळली, भटू मिस्तरींना वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडला.

प्रमिलेनं त्याला मोटार स्टँडवर गाठलं. जळगावची मोटार भरत होती. तो खिडकीशी बसला होता. ती त्याच्या समोर, उन्हात, उभी राहिली.

"खोटं का बोललात?"

तो तिच्या ओठांकडे बघत होता. "खोटं बोलून का होईना, तुम्हाला मागायचं होतं."

"मग मागा. मला चालेल. तुम्हाला काही ऐकू आलं नाही तरी चालेल."

"तुम्हाला चालेल. मला नाही चालणार." त्याचा आवाज आता वर-खाली होत होता, स्वतःचाच त्याला अंदाज येत नव्हता. "दिवा मालवला की तुमचं बोलणं संपलं माझ्यासाठी. तुम्ही चुलीकडे वळलात की संपलं. असं रोज संपताना मी नाही बघू शकत. दादांना सांगणार आहे, मला लग्नच करायचं नाही. कुणाशीच नाही."

"अभयकुमार, ऐका..."

पहिल्यांदाच तिनं त्याचं नाव घेतलं होतं. त्यानं ते पाहिलं. क्षणभर तो बघत राहिला आणि मग त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

प्रमिला बोलत राहिली. भिंतीकडे तोंड करून जे सांगितलं होतं तेही, आणि चैत्रापासून साठलेलं सगळं. मोठ्यानं बोलायची सवय लागली होती, म्हणून सगळं मोठ्यानंच बोलली. हमाल थांबले, मोटारीतल्या बाया पदर तोंडाशी धरून ऐकू लागल्या. कंडक्टरनं गिटारीचं गाठोडं टपावर केळीच्या डालग्यांमध्ये दाबून बसवलं आणि घंटी मारली. मोटार हलली, वळली, फाटकातून बाहेर पडली. त्यानं डोळे उघडले नाहीत.

धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी होती. मग बाकावर बसलेल्या, शिंदखेड्याच्या मोटारीची वाट बघणाऱ्या एका म्हातारीनं आपलं बोचकं उचलून मांडीवर घेतलं आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बठ व माय आठे," ती म्हणाली. "ऊन लागस."

प्रमिला बसली.